मत दिलं की संपलं?

एकाने लिहिलंय की पाच वर्षांनी मत दिलं की आपलं काम संपलं, मला हे अजिबात पटत नाही. ग्रामसभेचंच बघा ना, वर्षातून किमान चार व्हायलाच पाहिजेत आणि कोरम, म्हणजे सभेला किमान किती जण हजर हवेत, तर १५ टक्के मतदार किंवा १०० जण, जे कमी असेल ते. आमच्या गावात तेवढेही जमत नाहीत. मग सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरम लागतच नाही, त्यामुळे पुढच्या वेळी पंधरा-वीस जण बसून सगळे ठराव पास करतात. गेल्या वेळी तर प्रोसिडिंगचं रजिस्टर, म्हणजे सभेत काय ठरलं त्याची नोंदवही, सहीसाठी आमच्या ओट्यावर आलं होतं, मी आईला म्हटलं आधी वाच तरी, तर पाण्याच्या टाकीची जागाच बदललेली!

उलट गडचिरोलीतलं मेंढा लेखा बघा, छोटंसं गोंड गाव पण निर्णय बहुमताने नाही, सगळ्यांचं एकमत झाल्यावरच, मग कितीही बैठका होवोत. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर सगळ्या गावाचा मिळून कायदेशीर हक्क मिळाला, साधारण १८०० हेक्टर जंगलावर, आणि २०११ पासून बांबू बाहेर न्यायचे परवाने (वाहतूक पास) ग्रामसभा स्वतः देते. पुढच्या सभेला मी सुट्टी टाकून जाणार आहे, तुमच्याकडे कधी असते?