मदत हवी आहे: कझांत्झोग्लू हे आडनाव मुळात कुठलं?

नमस्कार मंडळी. माझ्या मुलीचं सासर ग्रीसमधल्या थेस्सालोनिकी शहरातलं, आडनाव कझांत्झोग्लू. नातवासाठी दोन्हीकडची वंशावळ लिहायला घेतली आहे. आपली बाजू सोपी गेली, तिकडची अडली.

अर्थ कळतो. तुर्कीत ‘कझान’ म्हणजे मोठा हंडा किंवा काहील, ‘कझान्जी’ म्हणजे ती घडवणारा, आपल्याकडच्या तांबटासारखा, आणि ‘ओग्लू’ म्हणजे मुलगा. पण तुर्की आडनावाचं हे घराणं कट्टर ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती! १९२३ साली ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात झालेल्या लोकसंख्येच्या अदलाबदलीत पणजोबा आशिया मायनरमधून (आजच्या तुर्कस्तानातून) ग्रीसला आले. ती अदलाबदल भाषेवर नव्हे, धर्मावर झाली होती, त्यामुळे घरात तुर्की बोलणारे हजारो ख्रिस्तीही ‘ग्रीक’ म्हणून पाठवले गेले.

कपाडोकियातल्या (मध्य तुर्कस्तानातल्या) अशा लोकांना करामानली म्हणत. ते तुर्की भाषा ग्रीक लिपीत लिहीत. मला विचारायचंय ते हेच: या आडनावावरून घराणं कपाडोकियाचं, काळ्या समुद्राकाठच्या पोंटसचं की पश्चिम किनाऱ्यावरच्या इझमीरकडचं, याचा काही अंदाज बांधता येतो का? बऱ्याच निर्वासितांनी पुढे ‘ओग्लू’ काढून ‘इदिस’ हा ग्रीक प्रत्यय लावलं, म्हणजे कझांत्झिदिस नावाचे भाऊबंदही शोधावेत का? निर्वासितांच्या नोंदी कुठे पाहायला मिळतील? विहीणबाई ऐंशीच्या पुढे आहेत, मला त्यांना गावाचं नाव सांगता आलं तर फार बरं वाटेल.