दगड नसला तरी कागद असतो

पणजोबांचे पणजोबा गोऱ्या पलटणीत होते, पण पुण्याच्या जुन्या दफनभूमीत त्यांची कबरच सापडत नाही, असं तुम्ही वर लिहिलंय. सापडली नाही म्हणून थांबू नका. दगड बसवायला पैसे लागत. साधा शिपाई पटकीने गेला की बहुधा त्याच दिवशी पुरत, वर नाव घालणार कोण? नोंद मात्र बहुतेकदा झालेली असते. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या नकला लंडनला जात. १७०९ ते १९४८ पर्यंतच्या या नोंदी ब्रिटिश लायब्ररीत ‘एन/३’ या क्रमांकाखाली आहेत. दफनाच्या नोंदीत वय, हुद्दा, बरेचदा मृत्यूचं कारणही मिळतं.

शोधताना स्पेलिंग जुनं टाका: खडकीचं किर्की, ठाण्याचं टान्ना. आणि फक्त पुण्यातच अडकू नका. आमच्या दापोलीला जुनी माणसं अजून ‘काँप’ म्हणतात, ते इथल्या इंग्रजी छावणीमुळेच. इथेही गोऱ्यांची जुनी दफनभूमी आहे. पावसाळ्यानंतर रान माजलेलं असतं, तेव्हा कोयता घेऊनच या!

एक विचारायचं राहिलं. तुमचे ते पूर्वज आयरिश होते का? आयरिश शिपाई बरेचदा कॅथलिक असत, मग कॅथलिक चर्चची दफ्तरं वेगळी बघावी लागतील.