म्युनिकमध्ये उन्हाळी इंटर्नशिप: व्हिसा, खोली आणि शनिवार-रविवारची भटकंती (मंचावरची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

मधली सुट्टी

मेकॅनिकल इंजिनीअरिंगचं तिसरं वर्ष संपतंय. म्युनिकच्या एका कंपनीत १८ मे ते ७ ऑगस्ट अशी पगारी इंटर्नशिप मिळाली आहे. काम सोमवार ते शुक्रवार, शुक्रवारी दुपारी साडेतीनला सुटका. पासपोर्ट भारतीय, जर्मन भाषा कामचलाऊ.

विचारायचं ते असं:
१. कोणता व्हिसा लागेल आणि त्यावर आजूबाजूच्या देशांत फिरता येईल का?
२. एवढ्या थोड्या काळासाठी खोली कशी मिळते? नगरपालिकेत नोंदणी, बँक खातं वगैरे करावंच लागतं का?
३. दर शनिवार-रविवारी कुठेतरी जायचं आहे. रेल्वे पास घेऊ की सुटी तिकिटं? डोळ्यांसमोर साल्झबर्ग, व्हेनिस, इंटरलाकेन, प्राग आणि जमल्यास लंडन आहे.

शिक्का

आधी व्हिसा. फिरण्याचे निम्मे प्रश्न त्याच्यावरच अडतात.

१८ मे ते ७ ऑगस्ट म्हणजे ८२ दिवस. पोचण्याचा आणि निघण्याचा असे दोन्ही दिवस मोजतात. ९० दिवसांच्या आतल्या मुक्कामाला सहसा शेंगेनचा, म्हणजे सामाईक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांच्या गटाचा, 'सी' व्हिसा मिळतो, त्यापुढे जर्मनीचा राष्ट्रीय 'डी' व्हिसा. 'सी'वर जर्मनीतले आणि इतर शेंगेन देशांतले दिवस एकाच खात्यातून वजा होतात: कोणत्याही १८० दिवसांत एकूण ९०. म्हणजे इंटर्नशिप संपल्यावर तुमच्या हातात जास्तीत जास्त ८ दिवस उरतात, तेही व्हिसावर तेवढे दिवस लिहिलेले असतील तरच. ऑगस्टभर युरोप फिरायचा बेत असेल तर तो आत्ताच सोडून द्या. 'डी' असेल तर जर्मनीतले दिवस या खात्यात येत नाहीत, बाकीच्या शेंगेन देशांसाठी ९० दिवस वेगळे मिळतात. मात्र 'डी'ची मुदत संपली की ती मुभाही संपते.

दुसरा कळीचा कागद जर्मन सरकारच्या रोजगार संस्थेची, म्हणजे बुंडेसआगेंटुर फ्यूर आर्बाइटची संमती. परदेशात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षणाशी संबंधित इंटर्नशिप करायची तर ती लागते. सरकारी निधीवरच्या काही शिष्यवृत्त्यांना सूट आहे, पण खासगी कंपनीच्या पगारी इंटर्नशिपला ती धरून चालू नका. निदान चार सत्रं पूर्ण झालेली हवीत, त्यात तुम्ही बसता. अर्ज कंपनी करते. तुमच्याकडून कॉलेजचं बोनाफाईड, गुणपत्रिका आणि पासपोर्टची प्रत मागतील. सोबत आठवड्यागणिक कामाचा आराखडा जोडावा लागतो आणि अर्ज अडकतो तो बहुधा तिथेच. 'विविध विभागांत मदत' असं मोघम लिहिलं की शंका निघतात. 'गिअरबॉक्स चाचणी, मोजमापांचं विश्लेषण, अहवाल' असं अभ्यासक्रमाशी जुळणारं लिहून घ्या. संमतीपत्रातल्या, करारातल्या आणि विम्यातल्या तारखा तंतोतंत जुळल्या पाहिजेत. एका दिवसाचा फरक राहिला तरी खिडकीवरून परत पाठवतात.

'सी' व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. एप्रिल-मेमध्ये अपॉइंटमेंट मिळणं मुश्किल असतं, म्हणून संमतीपत्राची वाट बघत बसण्यापेक्षा कंपनीला आजच आठवण करा. शुल्क 'सी'ला ९० युरो, 'डी'ला ७५. सेवाकेंद्राचा आकार वेगळा. विमा निदान ३०,००० युरोंचा आणि संपूर्ण शेंगेनसाठी वैध हवा. पर्यटकांच्या बऱ्याच पॉलिसींमध्ये 'काम करत असताना' हा अपवाद बारीक अक्षरांत असतो. कामावरच्या अपघाताचा वैधानिक विमा कंपनीकडे असतो, तरीही ते कलम वाचून मगच पैसे भरा.

पासपोर्ट हातात आला की स्टिकरवर तीन गोष्टी तिथल्या तिथे तपासा: किती दिवस, किती प्रवेश, आणि खालचा शेरा. शेऱ्यात कामाला परवानगी असल्याचं लिहिलेलं हवं. 'एर्व्हेर्ब्सटेटिशकाइट निश्ट गेश्टाटेट' असं छापलं असेल तर त्याचा अर्थ काम करायला मनाई. तो व्हिसा घेऊन गेलात तर कंपनी तुम्हाला कामावर घेऊच शकत नाही. दुरुस्ती निघण्यापूर्वी होते, पोचल्यावर नाही.

ईशान्य वारा

खोलीबद्दल. शोधायचा शब्द 'त्स्विशेनमीटे', म्हणजे कोणी काही महिने बाहेर जाताना आपली खोली सामानासकट भाड्याने देतं तो प्रकार. 'वेगे-गेझुख्ट' या संकेतस्थळावर अशा जाहिराती सर्वाधिक येतात. तुमच्या तारखांची अडचण अशी की जर्मन विद्यापीठांचे उन्हाळी वर्ग एप्रिलच्या मध्यापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत चालतात. विद्यार्थी खोल्या सोडतात ते ऑगस्ट-सप्टेंबरला. मे ते जुलै हा काळ सगळ्यात टंचाईचा, त्यामुळे मार्चपासूनच मागे लागा आणि एकाच माणसाकडे पूर्ण अकरा-बारा आठवडे मिळतील ही अपेक्षा सोडा. दोन तुकड्यांत राहावं लागलं तरी चालवून घ्या. कंपनीच्या अंतर्गत सूचनाफलकावर एचआरकरवी जाहिरात टाकून घेणं हा मार्ग लोक विसरतात. तिथे फसवणुकीची भीती जवळपास नसते.

फसवणुकीचा साचा ठरलेला आहे. मालक 'सध्या परदेशात' असतो, किल्ली कुरिअरने येणार असते, फोटो फार सुंदर असतात आणि अनामत आधी पाठवायची असते. व्हिडिओ कॉलवर खोली, इमारतीचं दार आणि टपालपेटीवरचं नाव दाखवायला सांगा. तयार नसेल तर विषय संपला. अनामत कायद्याने तीन महिन्यांच्या 'काल्टमीटे'पेक्षा, म्हणजे वीज-पाणी-हीटिंग वगळून जे भाडं असतं त्याच्या तिप्पटीपेक्षा, जास्त घेता येत नाही. पोचल्याच दिवशी भिंती, गादी, बाथरूम यांचे फोटो काढून मालकाला मेल करून ठेवा. अनामत परत मिळताना तोच पुरावा.

नोंदणी, म्हणजे 'आनमेल्डुंग': जर्मनीत राहायला येणाऱ्याने दोन आठवड्यांत करायची असते, पण ज्याचं घर परदेशात आहे आणि मुक्काम तीन महिन्यांच्या आत आहे त्याला माफ आहे. तुम्ही माफीत बसता. तोटा एवढाच की नोंदणी झाली की आपोआप येणारा कर-क्रमांक तुम्हाला येणार नाही, आणि तो नसेल तर पगारातून सहाव्या वर्गाच्या दराने, म्हणजे सगळ्यात जास्त, कर कापला जाऊ शकतो. उपाय आहे: नोंदणी लागू नसलेल्यांसाठी कर कार्यालयाकडून क्रमांक मागवायचा वेगळा अर्ज असतो आणि कंपनी तुमच्या वतीने तो करू शकते. एचआरला नेमकं हेच विचारा. मोठ्या कंपन्यांना माहीत असतं, लहानांना सांगावं लागतं.

बँक: जर्मन खातंच हवं असा आग्रह कंपनीला धरता येत नाही. युरोत पैसे पाठवायच्या 'सेपा' व्यवस्थेतल्या कोणत्याही देशाचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खातेक्रमांक, चालला पाहिजे असा युरोपीय नियम आहे. ॲपवाल्या बँका ओळख पटवायला व्हिडिओ कॉल करतात, त्यात काही ठिकाणी भारतीय पासपोर्ट अडतो, म्हणून निघण्याआधी त्यांची कागदपत्रांची यादी बघा. सिमकार्डालाही ओळख पटवणं सक्तीचं आहे. सरळ दुकानात पासपोर्ट घेऊन जा. एटीएमने 'रुपयांत आकारू का' असं विचारलं तर नाही म्हणा, युरोच निवडा. रुपयांचा दर ते मशीन ठरवतं आणि तो नेहमी महागात पडतो.

अवांतर: रविवारी दुकानं बंद असतात आणि बव्हेरियात इतर दिवशीही बहुतेक रात्री आठला मिटतात. शुक्रवारी कामावरून थेट गाडी पकडणार असाल तर किराणा गुरुवारीच भरा, नाहीतर रविवारी रात्री स्टेशनातल्या महाग दुकानाशिवाय काही उघडं नसतं.

फलाट क्रमांक ११

'दर शनिवार-रविवारी कुठेतरी' हे कागदावर छान दिसतं. लांबचे दौरे तीन ठेवा, बाकी सगळे म्युनिकपासून दोन-अडीच तासांच्या आत. पैसे वाचतात हे एक कारण. दुसरं असं की रविवारी संध्याकाळी लांब पल्ल्याच्या गाड्या भरलेल्या आणि उशिरा असतात, आणि सोमवारी सकाळी तुम्हाला कामावर उभं राहायचं असतं.

जवळच्या फिरण्याला 'डॉइचलांडटिकेट' हा मासिक पास. जानेवारी २०२६ पासून महिना ६३ युरो. देशभरातल्या सगळ्या लोकल, ट्रॅम, मेट्रो, बस आणि प्रादेशिक गाड्या, म्हणजे आरई, आरबी, एस-बान, त्यात येतात. आयसीई, आयसी, ईसी आणि फ्लिक्सट्रेन या लांब पल्ल्याच्या गाड्या येत नाहीत. चुकून ईसीत बसलात तर 'पास आहे' हे चालत नाही, विनातिकीटच धरतात. पास नावावर असतो, त्यामुळे पासपोर्ट जवळ हवा. फोन बंद पडला तर तिकीट नाही असंच धरलं जातं, पॉवरबँक बाळगा.

हे वर्गणीचं तिकीट आहे, आपोआप पुढच्या महिन्यात जातं. त्या महिन्याअखेर बंद करायचं तर त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करावं लागतं. तुम्ही ७ ऑगस्टला निघताय, तर १० जुलैच्या आत रद्द करा आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याला शहराचं साप्ताहिक तिकीट घ्या. मे महिन्यात मधूनच सुरू केल्यावर पूर्ण पैसे घेतात की दिवसांच्या हिशोबाने, हे विक्रेत्यागणिक बदलतं, घेण्याआधी बघा.

या पासवर कुठवर जाता येतं? साल्झबर्गच्या मुख्य स्टेशनापर्यंत आरई ५ ने, पावणेदोन ते दोन तास, ऑस्ट्रियात असूनही पास चालतो. कुफस्टाइनपर्यंतही चालतो, इन्सब्रुकला जायचं तर तिथून पुढचं तेवढं ऑस्ट्रियन तिकीट काढायचं. गार्मिश, फ्युसेन, बेर्चेसगाडेन, रेगेन्सबुर्ग, पासाउ, लिंडाउ सगळं आत. न्यूरेंबर्गला इंगोलश्टाट मार्गे जाणारी आरई १ वेगवान लोहमार्गावरून धावते, पावणेदोन तासांच्या आसपास. आयसीईला पैसे घालायची गरज नाही.

खोली घेताना आणखी एक बघा. साल्झबर्ग आणि कुफस्टाइनच्या गाड्या ओस्टबानहोफला थांबतात, पश्चिमेकडच्या बहुतेक गाड्या पाझिंगला. यांपैकी एक स्टेशन जवळ असेल तर मुख्य स्टेशनाची गर्दी टळते. मात्र बसायला जागा मिळण्याची शक्यता मुख्य स्टेशनावरच जास्त, कारण शनिवारी सकाळी आठ-नऊच्या गाड्या डोंगराकडे जाणाऱ्यांनी खच्चून भरतात. सातची पकडा.

काही गाड्यांचे डबे वाटेत वेगळे होऊन वेगवेगळ्या दिशांना जातात हे लक्षात असू द्या. तेगर्नझे, लेंगग्रीस आणि बायरिशझेलच्या गाड्या एकत्र सुटतात आणि होल्झकिर्शेनपासून वेगळ्या होत जातात. डब्यावरचा फलक वाचून बसा, नाहीतर तेगर्नझेच्या तळ्याऐवजी दुसऱ्याच खोऱ्यात उतराल. शनिवार-रविवारी रुळांची कामं काढतात, म्युनिकच्या मध्यवर्ती एस-बान बोगद्याचीही. 'शीनेनएर्झाट्सफेरकेअर' दिसलं की मधला टप्पा बसने, अर्धा-पाऊण तास वाढवून धरा. बेत शुक्रवारी दुपारी ॲपवर पुन्हा तपासायचा.

लांबच्या तीन दौऱ्यांना सुटी आगाऊ तिकिटं. इंटररेल पास युरोपात राहणाऱ्यांसाठी आहे, तुम्हाला लागू होतो तो युरेल. दोन दिवसांच्या फेरीला तो सहसा परवडत नाही, शिवाय इटली-फ्रान्सच्या जलद गाड्यांना आणि रात्रीच्या गाड्यांना आरक्षणाचे पैसे वेगळे. जर्मनीची स्वस्त 'झूपर श्पारप्राइस' तिकिटं ठरावीक गाडीला बांधलेली असतात. मुक्कामी वीस मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं तर ते बंधन सुटतं, दुसरी गाडी पकडता येते. पण हे एकाच तिकिटावरच्या प्रवासाला. दोन वेगळी तिकिटं जोडून प्रवास केला आणि पहिली गाडी उशिरा आली, तर दुसरं तिकीट तुमच्या खिशातून गेलं. म्युनिक ते व्हेनिस म्हणूनच एका तिकिटावर काढा: शुक्रवारी रात्रीची नाइटजेट ही झोपून जायची गाडी, किंवा दिवसा ब्रेनर खिंडीतून व्हेरोनामार्गे; व्हेरोनापर्यंतच साडेपाच तास. इटलीतल्या प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यायचं, विसरलात तर दंड. १५ ऑगस्टच्या आसपास इटलीत कोणी जागेवर नसतं, पण तुम्ही तोवर परतलेले असाल.

स्वस्त विमानांबद्दल: विमानतळ आधी नकाशावर बघा. 'म्युनिक वेस्ट' म्हणून विकलं जाणारं मेमिंगेन शहरापासून शंभराहून जास्त किलोमीटरवर आहे. काही कंपन्या युरोपबाहेरच्या पासपोर्टधारकांची कागदपत्रं काउंटरवर तपासतात; ते न करता थेट सुरक्षा तपासणीला गेलात तर दारातून परत फिरवतात.

मधली सुट्टी

एचआरला कर-क्रमांकाचं आणि आराखड्याचं आजच लिहितो. लंडन आणि इंटरलाकेनबद्दल कोणी बोललं नाही. आणि साल्झबर्गला पासपोर्टची झेरॉक्स चालते का?

शिक्का

झेरॉक्स चालत नाही. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्या भू-सीमांवर तपासणी पुन्हा सुरू केली आहे. साल्झबर्गहून परतताना फ्राइलासिंगला पोलीस गाडीत चढतात, प्रागच्या बसही थांबवतात. मूळ पासपोर्ट, शिवाय फोनवर इंटर्नशिप कराराची प्रत. यात गाडी रखडते, तेव्हा परतीच्या दिवशी शेवटची जोडगाडी धरून बेत आखू नका.

लंडन सोडा. ब्रिटनचा व्हिसा पूर्ण वेगळा, आणि तुमच्या 'सी'वर एकच प्रवेश असेल तर शेंगेनमधून बाहेर पडल्यावर परत म्युनिकला येताच येणार नाही. आयर्लंडचंही तेच. क्रोएशिया २०२३ पासून आणि रुमेनिया-बल्गेरिया २०२५ पासून पूर्ण शेंगेनमध्ये आहेत, तिकडे ही अडचण नाही.

ईशान्य वारा

इंटरलाकेन: स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, वेगळा व्हिसा नको. युरोपीय संघात मात्र नाही, म्हणून जर्मन सिमचं मोफत रोमिंग तिथे गृहीत धरू नका. पॅकमध्ये स्वित्झर्लंडचं नाव नसेल तर डेटा बंद करून जा. कोन्स्टान्झसारख्या सीमेवरच्या गावांत तर जर्मनीत उभे असतानाही फोन स्विस टॉवर पकडतो.

म्युनिक ते झुरिक साडेतीन-चार तास, तिथून इंटरलाकेन आणखी दोनेक तास. दोन दिवसांत बारा तास गाडीत. एखादी सुटी जोडून येत असेल तरच करा. बव्हेरियात फ्रोनलाइखनाम या ख्रिस्ती सणाची (कॉर्पस क्रिस्टी) सुटी असते, ती नेहमी गुरुवारी येते. शुक्रवारची रजा मागितली की चार दिवस सलग. ही युक्ती सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे राहण्याची जागा आत्ताच बघा. स्विस गाड्यांसाठी एक दिवसाचा 'सेव्हर डे पास' मिळतो, जितका आधी घ्याल तितका स्वस्त. युंगफ्राउयोखचं, म्हणजे इंटरलाकेनकडून रेल्वेने चढून जायच्या बर्फाळ उंच ठिकाणाचं, तिकीट वेगळं आणि चांगलंच महाग आहे. ते आधी काढू नका, सकाळी वेबकॅमवर शिखर दिसतंय का ते बघून मग काढा. ढगांत गेलात तर वर पांढऱ्या भिंतीखेरीज काही दिसत नाही आणि पैसे परत मिळत नाहीत.