विज्ञान शाखेतून सीए

'बारावीला कॉमर्स नसेल तर सीए विसरा' असं बरेचदा म्हटलं जातं, ते पटलं नाही. कुठल्याही शाखेचा पदवीधर फाउंडेशन (सीएची पहिली परीक्षा) न देता थेट इंटरमीजिएटला (दुसऱ्या परीक्षेला) नोंदणी करू शकतो. कॉमर्सवाल्यांना पदवीला ५५ टक्के लागतात, इतरांना ६०. ते हुकले तरी फाउंडेशन आहेच, तिथे बारावीची शाखा कुणी विचारत नाही. आर्टिकलशिपही (सीएच्या हाताखालची सक्तीची उमेदवारी) २०२३च्या नव्या रचनेत तीनऐवजी दोन वर्षांची झालीय.

आमच्याकडे केमिस्ट्रीची पदवीधर आर्टिकल होती. जर्नल एंट्रीला (हिशेबाच्या जमा-नावे नोंदींना) सुरुवातीला अडखळायची (फाउंडेशन टाळलं की हे व्हायचंच), पण औषध कारखान्यात स्टॉक ऑडिटला (मालसाठा तपासायला) गेली की इतक्या कच्च्या मालातून माल किती निघायला हवा, हे तिला आमच्याआधी कळायचं. स्टोअरवाले तिला वचकून असायचे.