"क्रोममध्ये उघडा, प्रश्न मिटला" म्हणणाऱ्यांना एक सविस्तर उत्तर

माजिवडा_नाका
काल रबाळे_एक्सप्रेस यांनी लिहिलं: "ब्राउझर टेस्टिंगच्या, म्हणजे साइट वेगवेगळ्या ब्राउझरमध्ये तपासण्याच्या, नावाखाली वेगळे पैसे लावणारे डिझायनर गिऱ्हाइकाला गंडवतात. आता सगळीकडे क्रोमच आहे. 'क्रोममध्ये उघडा' सांगायचं, प्रश्न मिटला." लाइकही भरपूर पडले. उद्या माझंच एखादं गिऱ्हाईक याचा स्क्रीनशॉट मला पाठवणार, म्हणून आजच लिहून ठेवतो.

साहेब, आयफोनवर क्रोम उघडलं तरी आत पान रंगवणारं इंजिन चालतं ते ॲपलच्या सफारी ब्राउझरचंच, वेबकिट. फायरफॉक्स घ्या, एज घ्या, वरचं रंगकाम तेवढं वेगळं. ॲपलचा नियमच तसा. मार्च २०२४ मध्ये आयफोनची आयओएस १७.४ प्रणाली आली तेव्हा दुसऱ्या इंजिनाला दार किलकिलं केलं, पण ते युरोपीय संघापुरतं. ठाण्यातला घोडबंदर रोड अजून युरोपात गेलेला नाही.

पाचपाखाडीतल्या एका पोळीभाजी केंद्राची साइट केली. लॅपटॉपवर झकास, अँड्रॉइडवर झकास. मालकीणबाईंच्या आयफोनवर मात्र "ऑर्डर नोंदवा" बटणाचा खालचा अर्धा भाग सफारीच्या पत्त्याच्या पट्टीखाली गडप. पान जागचं हलू नये अशी त्यांचीच मागणी, म्हणून उंची १०० व्हीएच, म्हणजे अख्ख्या पडद्याएवढी. सफारी ती उंची मोजते पट्टी आक्रसलेली आहे असं धरून. पान हलतच नाही, तर पट्टी आक्रसणार कशी? यावर डीव्हीएच नावाचं, पट्टीप्रमाणे उंची बदलणारं एकक आहे, पण ते सफारीत आलं १५.४ मध्ये, म्हणजे मार्च २०२२ ला. जुन्या फोनसाठी वर व्हीएच, खाली डीव्हीएच, अशा दोन ओळी लिहायच्या. लिहायला दोन ओळी, शोधायला अख्खी दुपार. त्या दुपारचे पैसे कोण देणार, एवढाच माझा मुद्दा आहे.

रबाळे_एक्सप्रेस
दोन ओळींचं एवढं रामायण? प्लंबर पाना घेऊन आला म्हणून पान्याचे वेगळे पैसे लावतो का? साइट चालायला हवी हे कामातच आलं. माझी गिऱ्हाइकं महापे-तुर्भ्याची, यंत्राचे सुटे भाग विकणारी. त्यांना व्हॉट्सॲपवर लिंक जाते, समोरचा दहा हजारांच्या अँड्रॉइडवर उघडतो. सफारीचं तोंड पाहायची वेळ येत नाही.

कोपरी_पूर्व
प्लंबर व्हिजिट चार्ज लावतो हो. नळाला हात लावायच्या आधी. कुठे राहता आपण?

माजिवडा_नाका
समोरचा अँड्रॉइडवाला असेल, मान्य. पण साइट पास-नापास कोण करतं? शेठ. शेठच्या हातात काय असतं? आयफोन. आणि शेठच्या मुलीच्या हातात शेठचा जुना आयफोन.

जुना_वागळे
तुम्हा पोरांची सफारीची रडगाणी ऐकून हसू येतं. वागळे इस्टेटमध्ये आम्ही आयई ६, म्हणजे जुन्या इंटरनेट एक्सप्लोररसाठी साइटी केल्यात. पारदर्शक पीएनजी चित्र टाकलं की मागे राखाडी चौकोन. एखादा चौकोन डावीकडे फ्लोट केला, म्हणजे कडेला सरकवला, की मार्जिन, म्हणजे भोवतीची मोकळी जागा, दुप्पट, आणि त्यावर उतारा म्हणजे डिस्प्ले इनलाइन ही ओळ, ज्याचा मार्जिनशी काडीचा संबंध नाही! २००१ साली ते आलं, आयई ७ यायला २००६ चा ऑक्टोबर उजाडला. पाच वर्षं मायक्रोसॉफ्ट झोपलं होतं, कारण समोर कोणी उरलंच नव्हतं. सरकारी साइटींवर खाली लिहिलेलं असायचं, "इंटरनेट एक्सप्लोररमध्येच पाहावे". आज रबाळेवाले तेच म्हणतायत, नाव तेवढं बदललंय.

रबाळे_एक्सप्रेस
काका, आयई ११ सुद्धा १५ जून २०२२ ला निवर्तलं. तेरावंही झालं. क्रोम दर काही आठवड्यांनी नवं येतं, झोपलेलं नाही. झोपलीय तुमची सफारी, जी फोनच्या अपडेटशिवाय हलत नाही. आयफोन ६ आयओएस १२ वर अडकला तो कायमचा. त्यावर फ्लेक्सबॉक्स मांडणीतला गॅप, म्हणजे घटकांमधलं अंतर, चालत नाही, तो सफारीत १४.१ पासून आहे. त्या फोनसाठी मी का झुरू? ॲपलला जाऊन सांगा.

माजिवडा_नाका
म्हणजे सफारी त्रास देते हे तुम्हाला ठाऊक आहे. आवृत्त्यांचे आकडेसुद्धा पाठ आहेत. मग "प्रश्न मिटला" कुठे?

वाशीवाली_सुमी
तुमची इंजिनं चालू द्या. माझं दुखणं वेगळंच आहे, कोणी विचारत नाही म्हणून इथेच लिहिते. मराठी मजकूर! फिग्मा या डिझाइनच्या ॲपात इंग्रजी मथळ्याला लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, दिलेलं असतं, तेच मराठीला लागतं आणि शिरोरेषेचे तुकडे होतात. यात निदान सगळे ब्राउझर एकमताने वाईट दिसतात. बटणाची उंची इंग्रजीच्या मापाने बांधलेली, म्हणून वरची वेलांटी आणि खालचा उकार दोन्ही छाटले जातात. बेलापूरच्या एका ऑफिसात मी हे दाखवलं तर साहेब म्हणाले, "वाचता येतंय ना?"

घणसोली_सात
सुमीताई, अगदी! आणि मजकूर देतात तो जुन्या, युनिकोड नसलेल्या श्रीलिपी फॉन्टातला. पेस्ट केला की नुसती खिचडी.

रबाळे_एक्सप्रेस
मराठी साइट वाचतं कोण? इंग्रजीत करा, सगळे त्रास संपतील.

घणसोली_सात
हे वाक्य मराठीत टाइप करताना बोटं नाही अडखळली? माझे वडील सोसायटीचे सेक्रेटरी. सभासदांचा फॉर्म इंग्रजीत होता तेव्हा निम्मे लोक "नातू आला की भरतो" म्हणायचे. मराठीत केला तर आठवड्यात भरून आले. "कोण वाचतं" म्हणे!

वाशीवाली_सुमी
फॉर्म म्हणालात म्हणून. नावाच्या रकान्याला वीस अक्षरांची मर्यादा घाला आणि "ज्ञानेश्वर" लिहा. आपल्याला दिसतात चार अक्षरं. क्रोम मोजतो दहा, कारण हलन्त वेगळा, मात्रा वेगळी. पुढे आडनाव लिहायला गेलं की मध्येच तुटतं. सफारी बरीच वर्षं हे वेगळं मोजायची, मात्रा नि हलन्त आधीच्या अक्षरातच धरायची, म्हणून तिच्यात तेच नाव बसायचं. आता बोला, कोण बरोबर?

जुना_वागळे
वेबच्या प्रमाणग्रंथाप्रमाणे क्रोम. ज्ञानेश्वरांप्रमाणे सफारी.

कोपरी_पूर्व
हा प्रतिसाद फ्रेम करून लावा.

रबाळे_एक्सप्रेस
विषय काय, चाललंय काय. आणि घणसोलीवाले, मी मराठीच्या विरोधात बोललो नाही, धंद्याचं बोललो. उगाच झेंडा घेऊन अंगावर येऊ नका.

घणसोली_सात
"वाचतं कोण" हे तुमचेच शब्द. वर आहेत, पुसू नका.

माजिवडा_नाका
सुमीताईंचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. रकाना क्रोमने मोजला काय, सफारीने मोजला काय, खऱ्या नावाने भरून कोणीतरी पाहायलाच हवा ना? मी दरपत्रकात लिहितोच: अमुक फोन, अमुक ब्राउझर तपासून देणार, त्यापलीकडे वेगळा दर. आयफोनवर रकान्यातला टाइप सोळा पिक्सेलपेक्षा बारीक असला की बोट लावताच पान झूम होतं, हे ज्याने हातात फोन घेतला त्यालाच कळतं.

रबाळे_एक्सप्रेस
बरं, आधी लिहून देत असाल तर गंडवणं म्हणणार नाही. जास्तीचं बिल म्हणेन. माझा तुर्भ्याचा शेठ तसली ओळ वाचून "ही काट" म्हणेल, मी काटेन, आणि दिवाळीत त्याच्या जावयाचा फोन येईल की आयफोनवर मेनू उघडत नाही.

कोपरी_पूर्व
जावयाला सांगा, क्रोममध्ये उघडा.

वाशीवाली_सुमी
ते राहू दे. कोणी मराठी फॉर्मची मर्यादा सर्व्हरवर तपासतं का? माझा बॅकएंडवाला, म्हणजे सर्व्हरची बाजू लिहिणारा, अक्षरं नाही तर बाइट मोजतो, देवनागरीचं एक चिन्ह म्हणजे तीन बाइट. तिथे "ज्ञानेश्वर" तीस भरतं. त्याच्याशी कसं भांडायचं ते सांगा.