ज्येष्ठमधाचा काढा आणि बीपीची गोळी

कोरडा_घसा: कोरड्या खोकल्यासाठी ज्येष्ठमध द्यायचा आहे. घेणाऱ्याचं वय 58, बीपीची आणि पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी चालू आहे. किती घालायचा, किती दिवस? 'थंड असतो, कितीही घ्या' असं बरेच जण सांगतात.

खलबत्ता: या दोन गोळ्या चालू असतील तर काढा देऊच नका. थंड-गरमचा इथे संबंध नाही.

बाकी निरोगी मोठ्या माणसाला 2-3 ग्रॅम भरड पुरे. दोन कप पाण्यात मंद आचेवर एक कप उरेपर्यंत आटवा, गाळा, कोमट असताना घोट घोट घ्या. दिवसातून एकदा, चार-पाच दिवस. बारीक पूड वापरू नका, गाळणीतून उतरते आणि घशाला आणखी खवखव. काडी मोडून बघा: वरून तपकिरी, आत पिवळी आणि तंतुमय हवी. कुबट वास आला तर सरळ फेकून द्या.

मीठपाणी: कारणही सांगतो. गोडी ज्या ग्लिसिरायझिनची, धोकाही त्याचाच. कॉर्टिसॉल हे शरीरातलं एक हार्मोन, ते निष्क्रिय करणारं मूत्रपिंडातलं एन्झाइम ग्लिसिरायझिन दाबतं. मग तेच कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉनसारखं (मीठ धरून ठेवणाऱ्या हार्मोनसारखं) वागतं: मीठ-पाणी अंगात साठतं, पोटॅशियम लघवीवाटे जातं, बीपी चढतं. पाण्याच्या बऱ्याच गोळ्याही पोटॅशियम घालवतात, म्हणजे दुहेरी गळती. घोट्यांवर सूज, पायात गोळे, हातपाय गळून जाणं, छातीत धडधड ही लक्षणं. डिगॉक्सिन (हृदयाचं औषध) किंवा स्टिरॉइड घेणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनीही लांबच राहावं.

हिशोब असा: ज्येष्ठमधाच्या मुळीत 4 टक्के ग्लिसिरायझिन धरलं तर 3 ग्रॅममध्ये 120 मिलिग्रॅम. युरोपात रोजची मर्यादा 100 मिलिग्रॅम सुचवलेली आहे. काढ्यात सगळं उतरत नाही हे खरं, पण दिवसातून तीनदा, महिनाभर घेणाऱ्यांचं गणित इथेच बिघडतं.

कोरडा_घसा: मग नुसती काडी चघळली तर? दोन-तीन दिवस तसं झालंय.

मीठपाणी: रस गिळला की तेच. आता थांबवा आणि बीपी रोज मोजून लिहून ठेवा, कारण परिणाम बंद केल्यावरही आठ-पंधरा दिवस रेंगाळू शकतो. वर दिलेल्यांपैकी एखादं लक्षण दिसलं तर डॉक्टरांकडे जा, ज्येष्ठमध घेतल्याचं आवर्जून सांगा, पोटॅशियम तपासून घ्या. छातीत धडधड असेल तर त्याच दिवशी.

खलबत्ता: घशासाठी कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा, फक्त गिळू नका. आणि बीपीच्या काही गोळ्यांनीच कोरडा खोकला येतो, विशेषतः ज्यांच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' असतं त्यांनी. आधी गोळीचं नाव बघा. तसं असेल तर काढ्याने काही होणार नाही, डॉक्टर गोळी बदलून देतील. मनाने मात्र बंद करू नका.