मदत हवी: टाकीतला ऑक्टोपस चार दिवस काही खात नाहीये

नमस्कार मंडळी, देवगडजवळच्या गावातून लिहितोय, अर्जंट आहे. मे अखेरीस रापणीत (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यात) एक छोटा ऑक्टोपस आला, डोकं लिंबाएवढं, पायाखाली तुडवला जाणार होता म्हणून बादलीत घालून घरी आणला. आधी गप्पी होते ती तीन फुटी टाकी धुतली, समुद्राचं पाणी भरलं, फिल्टर लावला आणि लपायला फुटकं मडकं टाकलं. पहिल्याच रात्री वायर जाते त्या फटीतून बाहेर पडला, पहाटे आई उठली तर मोरीत ओलीला चिकटून बसलेला. तेव्हापासून झाकणावर वरवंटा ठेवतो.

दोन आठवडे एकदम झकास होता. छोटी कुर्ली सोडली की गडद व्हायचा, मग छत्रीसारखा तिच्यावर पडायचा, आणि सकाळी मडक्याच्या तोंडाशी रिकामं कवच. पाण्यात बोट घातलं की एक हात पुढे करून अलगद धरायचा, डोळ्यातली ती आडवी फट माझ्याकडेच असायची. खरंच जीव लागलाय त्याच्यावर.

आता चार दिवस झाले, पांढुरका पडलाय, कोपऱ्यात बसून असतो आणि श्वास जोरजोरात चाललाय, कुर्ली समोरून गेली तरी हलत नाही. पाऊस लागल्यापासून लाईट तासनतास नसते, तेवढा वेळ हवेचा पंपही बंद. दर तीन दिवसांनी खाडीच्या तोंडाच्या जेट्टीवरून दोन हंडे पाणी आणून बदलतो. खारेपणा मोजायचा हायड्रोमीटर १.०१८ दाखवतोय. बाबा म्हणतात "सोडून दी तेका दर्यात". काय करू?

प्रतिसाद:
१.०१८ म्हणजे फारच कमी, १.०२५ च्या आसपास हवं. पावसात खाडीच्या तोंडाशी वरचं पाणी जवळजवळ गोडंच असतं. जिताडा मासा खाडीत आणि समुद्रात दोन्हीकडे निभावतो, ऑक्टोपसला ते जमत नाही, बाहेरचं पाणी पातळ झालं की त्याच्या अंगातलंही होतं. दुसरं म्हणजे टाकी जेमतेम तीन आठवड्यांची. घाणीतून होणारा विषारी अमोनिया खाणारे जिवाणू फिल्टरमध्ये बसायलाच दीड-दोन महिने जातात, आणि कुर्ल्या खाणारा हा प्राणी घाण खूप करतो. अमोनिया आणि त्यापासून होणारं नायट्राइट शून्यच पाहिजे, टेस्ट किट आहे का? लाईट जाते तिथे बॅटरीवरचा एअर पंप लागतोच, त्याला ऑक्सिजन भरपूर लागतो.

आणि तो हंडा कसला आहे? तांब्याचा असेल तर आज बंद करा. आपल्या रक्तात लोखंड तसं त्याच्या रक्तात तांबं, रक्त निळं असतं त्याचं, पण पाण्यात विरघळलेलं तांबं थोडं जरी झालं तरी त्याला विष.

मडक्यात टॉर्च मारून बघा, तांदळाच्या दाण्यांसारखे घोस लटकत असतील तर ती मादी आहे. अंडी घातल्यावर ती खाणं सोडते आणि पिल्लं बाहेर पडली की मरते, त्याला उपाय नाही. यांचं आयुष्यच वर्ष-दीड वर्षाचं असतं.

अंडी नसतील तर बाबांचं ऐका. टाकीत दुकानातले समुद्री मासे कधी सोडले नसतील तरच हं, नाहीतर रोग समुद्रात जातो. आणि पुढे खरंच पाळायचा असेल तर रत्नागिरीला झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय आहे, तिथे आधी जाऊन बोला आणि टाकी दोन महिने नुसती चालवा.

मूळ धागाकर्ता:
अंडी नाहीत, नीट पाहिलं. हंडा तांब्याचाच, आजीचा. आतून बोट फिरवलं तर हिरवट कळंक हाताला लागला, बघूनच पोटात गोळा आला. दुकानातले समुद्री मासे कधीच नव्हते. उद्या पहाटे ओहोटी आहे, खाडीपासून लांब, डोंगराच्या आडोशाला खडपं आहेत तिथे बाबा आणि मी नेतोय. बादलीत पाणी टाकीतलं घेऊ की समुद्राचं?

प्रतिसाद:
टाकीतलंच घ्या, प्लास्टिकच्या बादलीत, झाकण घट्ट बांधून. खडपाशी पोचलात की अर्धा-पाऊण तास वाटी-वाटीने समुद्राचं पाणी मिसळत राहा. मग बादली पाण्यात आडवी धरा आणि त्याचा तो बाहेर येऊ दे, ओढू नका.